काचेवरची रेघ

५ जानेवारी

बबडे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत.

टॅब मिळाला. तुझ्या लेकीने तो इतक्या कापडांत गुंडाळला होता की मला आधी वाटलं, तू दुकानातल्या चिंध्याच पाठवल्यास. ठमीला सांग, मावशीला फार आवडला म्हणून. तुला खरं सांगते, नाही आवडला.

इतकी वर्षं मी किड्यांची चित्रं काढतेय ती कागदावर, टाक आणि काळ्या शाईने. टाक चालताना कागद थोडा कुरकुरतो, त्यावरून हात कुठे आहे ते कळतं. ही काच मुकी आहे. पेन टेकवलं की सरकतं. काल एका भुंग्याचा पाय काढायला घेतला, तर तो शेजारच्या भुंग्याच्या पोटात जाऊन थांबला.

पण सांगते कोणाला? संस्थेत आता कागदावरची चित्रं घेणं बंद झालंय. नवे संचालक म्हणाले, "बाई, कागद स्कॅन करा, मग तो साफ करा, ह्यात एक माणूस नुसता अडकून पडतो. तुम्ही थेट टॅबवर काढा." आणि भुंगेसरांचं पुस्तक तर संस्थाच छापणार. भुंगेसर आठवतात ना? नाव तूच ठेवलंस, आता ते सगळ्या संस्थेत झालंय, त्यांच्या तोंडावरसुद्धा एकदा कोणीतरी म्हणालं. सगळा जन्म त्यांनी भुंग्यांत घालवला आणि आता निवृत्तीनंतर हे एकच पुस्तक करायचं म्हणून ठाण मांडून बसलेत. संस्था म्हणते, चित्रं कशाला, फोटो टाका. सर म्हणतात, फोटोत अर्धे पाय धूसर येतात, मला चित्रंच हवीत आणि ह्याच बाईंच्या हातची हवीत.

सप्टेंबरपर्यंत चित्रं झाली नाहीत तर काम फोटोवाल्यांकडे जाईल. माझी जागाही जाईल, कारण चित्रं काढण्याशिवाय तिथे मला दुसरं काम नाही. मला दुसरं काही येतही नाही.

जमेल तसं बघते.

ताई

१९ जानेवारी

ताई,

पाया पडले असं समज, गुडघे दुखतात.

तुझं पत्र वाचायला मला आणि ठमीला दोघींना बसावं लागलं. हलत्या बसमध्ये बसून लिहिलंस का? 'भुंगा' हा शब्द ठमीने 'मुंगी' वाचला आणि मी 'भांग'. मग मला काळजी लागली की ताईने भांगेची चित्रं कधीपासून काढायला घेतली. तुझं अक्षर पूर्वी शाळेतल्या बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या आणि मला तुझ्या नावाने टोमणे मारायच्या. आता मारा म्हणावं.

टॅबचं म्हणशील तर तू एकटी नाहीस. आमच्या शिवणाच्या दुकानातही मालकीणबाईंनी तो आणलाय. मापं त्यातच भरायची. आता एका हातात टेप, दुसऱ्या हाताने गिऱ्हाईकाचा खांदा धरायचा, मग ती पाटी धरायची कशात, दातांत? पूर्वी पोटाचं माप घेताना मी म्हणायचे, "जरा श्वास सोडा." आता म्हणते, "जरा थांबा, नेट गेलंय." गिऱ्हाईक बिचारं पोट आत घेऊन उभं.

एक फायदा मात्र कबूल करते. मागच्या वर्षीचं माप बोट लावलं की समोर येतं. पूर्वी सगळी कपाटं पालथी घालावी लागायची. पण हे मालकीणबाईंसमोर कबूल करणार नाही.

ठमीने दोन गोष्टी सांगितल्यात. एक, काचेवर लावायचा खरबरीत कागद मिळतो, तो लाव म्हणजे पेन सरकणार नाही. दोन, त्यात रेघ गुळगुळीत करायची एक सोय असते. चित्रांच्या सेटिंगमध्ये जा, तिथे पट्टी आहे, ती उजवीकडे सरकवली की वाकडी रेघ आपोआप सरळ होते. नवशिक्यांना बरी पडते म्हणे. तू नवशिकी, ऐकून मला फार बरं वाटलं.

बबडी

१० फेब्रुवारी

बबडे,

हे पत्र बघून दचकू नकोस, मीच लिहिलंय. टॅबवर पेनाने लिहिलं आणि संस्थेच्या प्रिंटरवर छापून घेतलं. आता वाचताना भांगेची भीती नाही. मागच्या पत्राच्या वेळी थंडी फार होती, बोटं आखडली होती.

टॅबबद्दल मी जे काही बोलले ते मागे घेते. अगं, फार सोयीची वस्तू आहे. भुंग्याच्या पायावरचा एक केस पडद्याएवढा मोठा करता येतो. ह्या वयात डोळ्यांना तो केवढा आराम. पूर्वी रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची, कागद पातळ व्हायचा, भोक पडलं की आठवड्याचं काम मातीत. आता एक बटण दाबलं की चूक गेली. ती कधी झाली होती हे मलाही कळत नाही. कवच एका थरावर, पाय दुसऱ्या थरावर, मिश्या तिसऱ्या. एक बिघडला तर बाकीच्यांना धक्का लागत नाही.

भुंगेसर खूश आहेत. म्हणाले, "बाई, तुमची रेघ इतकी स्वच्छ कधीच नव्हती." त्यांनी कधी कोणाचं कौतुक केल्याचं मला तरी आठवत नाही. मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून राहिले.

ठमीला सांग, मावशी तिची ऋणी आहे. हे खरंच सांग.

ताई

२ मार्च

ताई,

तुझं पत्र सुंदर आहे आणि मला अजिबात आवडलं नाही. अक्षरं सगळी लोण्यातून काढल्यासारखी गोल गोल. तुझ्या अक्षराला कोपरे होते, ते गेले कुठे? पूर्वी तू रागावलीस की टाक कागदात रुतायचा, मला मागच्या बाजूने बोट फिरवून कळायचं की आज ताईसाहेबांचा पारा चढलाय. आता पाठीमागून बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. तू खूश आहेस का रागावलीस, काही कळायला मार्ग नाही. पण काम चांगलं चाललंय म्हणतेस तर मी तोंड बंद ठेवते.

आमच्याकडे नवीन तऱ्हा. मालकीणबाईंनी ठरवलं की टॅबने माणसाचा फोटो काढायचा, तो आपोआप मापं सांगतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कोट त्या मापाने कापला. ते थोडे एका बाजूला झुकून उभे राहतात, एक खांदा खाली. टॅबने दोन्ही खांदे सारखे धरले. कोट अंगावर चढवला आणि ते आरशात बघून म्हणाले, "छान आहे, पण हा कोण?" सगळं उसवून मी पुन्हा शिवला. माझ्या टेपला त्यांचा खांदा माहीत होता.

परवा ठमी जुने फोटो बघत होती. विचारत होती, "आजोबा प्रत्येक फोटोत खिशात हात घालून का उभे आहेत?" मी म्हटलं, ऐट होती त्यांची. मग खरं सांगितलं, कंपवात होता म्हणून. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात थरथरायला लागले तर तो काय करणार, खिशात घालणार. तिला खरंच वाटेना की आईलासुद्धा वर्षभर कळलं नव्हतं. तुला आठवतं, दुकान चालू होतं तरी बाबा घड्याळ उघडायचेच नाहीत? गिऱ्हाइकाला सांगायचे, "उद्या या." लोक म्हणायचे, म्हातारा माजलाय.

मे महिन्यात मला सुट्टी आहे. येते. खोली झाडून ठेव, नाहीतर मीच झाडीन, मला काय.

बबडी

१४ एप्रिल

बबडे,

मे महिन्यात येऊ नकोस. काम फार आहे, तुझ्याकडे बघायलाही वेळ होणार नाही.

टॅबचे फायदे सांगितले होते, आता तोटेही ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. मान खाली घालून घालून पाठीला कायमचा बाक आलाय. डोळे कोरडे पडतात, पापणी मिटायची राहूनच जाते. पूर्वी शाईची बाटली बंद केली की दिवस संपायचा. आता ही पाटी पलंगावर येते, जेवणाच्या टेबलावर येते. घास तोंडात असताना सरांची दुरुस्ती येते, "तिसऱ्या पायाचा काटा थोडा वर." काम कुठेही करता येतं ह्याचा अर्थ ते सगळीकडे करावं लागतं, एवढाच निघाला.

आणि एक वेड लागलंय. परवा टेबलावर चहा सांडला, तर माझं बोट आधी ते चूक पुसायचं बटण शोधायला लागलं. चहा आपला पसरतोय आणि मी लाकडावर बोट दाबतेय. आता कप अर्धाच भरते. तसाही चहा कमीच केलाय.

बाबांचा विषय पत्रात नको. ठमीलाही सांगायची काय गरज होती.

ताई

६ मे

ताई,

तीन आठवडे मी हे पत्र लिहायचं टाळलं, कारण राग आला होता. अजून आहे.

मी काय पाहुणी आहे का, की माझ्याकडे बघायला तुला वेळ लागतो? एका कोपऱ्यात बसले असते, तुझ्या पडद्यांना टाके घातले असते, पोळ्या लाटल्या असत्या. तू भुंग्यांकडे बघत बसली असतीस. आणि बाबांचा विषय नको म्हणजे? बाबा काय तुझ्या एकटीचे होते?

मला एक कळतं. तुझं माझ्यावर काहीतरी बिनसलंय आणि ते तू सांगत नाहीस. तो टाक टाकून दिलास तसं मलाही टाकलंस. आता सगळं तुझं ते स्वच्छ, सरळ, छापील. एवढी मोठी झाले तरी तू रुसलीस की मला जेवण जात नाही, हे तुला माहीत आहे आणि तरी तू असं करतेस.

पुढचं पत्र मला शाईचं हवं. कागदावर, हाताने. चार ओळी चालतील, शिव्या चालतील. छापील आलं तर मी उघडणार नाही.

बबडी

११ जुलै

बबडे,

छापीलच पाठवतेय. उघडलंस तर उपकार.

तुझ्यावर काही राग नाही. माझं काम सुटलंय, एवढंच कळवायचं होतं.

मागच्या आठवड्यात भुंगेसरांनी माझी चित्रं आणि मूळ भुंगे शेजारी शेजारी ठेवले. दोन भुंगे अगदी जुळे भाऊ दिसतात. फरक एवढाच, एकाची मिशी सरळ आणि दुसऱ्याच्या मिशीला बारीक बारीक वाक आहेत. सरांनी ते वाक शोधण्यात वर्षं घालवली. माझ्या चित्रात दोघांच्याही मिश्या सरळ. मग त्यांनी बाकीची चित्रंही बाहेर काढून पाहिली. पायांवरचे काटे, कवचाच्या कडेचे दाते, जिथे जिथे रेघ थोडीशी वळायला हवी होती तिथे ती गुळगुळीत. जानेवारीपासूनचं जवळजवळ सगळं काम वाया गेलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून हळूच म्हणाले, "बाई, डोळे तपासून घेतलेत का इतक्यात?" मी म्हटलं, हो सर, नंबर वाढला असेल.

आता चित्रं पुन्हा काढायला वेळ नाही. पुस्तक फोटोवाल्यांकडे गेलं. सर त्या दिवसापासून संस्थेत आलेले नाहीत. डोळ्यांचंच आहे, काळजी करू नकोस.

ताई

२० जुलै

ताई,

पत्र उघडलं. उघडणारच होते.

डोळे नाहीत, ताई.

तुझं पत्र ठमीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मिशीचे वाक मावशीने पाहिले असणार, पण टॅबने ते खाल्ले. ती गुळगुळीत करायची पट्टी पूर्ण उजवीकडे असली की तो बारीक वळणं ठेवत नाही, त्याला ती थरथर वाटते." मी म्हटलं, मग मावशीने ती कमी का नाही केली? चित्र काढणाऱ्या बाईला एवढं कळत नाही? ठमीने पत्र पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "पूर्ण उजवीकडे कोणी ठेवत नाही गं. मी एकदाच ठेवली होती, हाताला प्लास्टर होतं तेव्हा."

जानेवारीचं तुझं पत्र पुन्हा काढलं. मी त्या अक्षराला हसले होते, बसमध्ये बसलीस का विचारलं होतं. तुझी आखडलेली बोटं, तुझं अक्षर, अर्धा कप चहा, येऊ नकोस, बाबांचा विषय नको. सगळं माझ्यासमोर पडलं होतं आणि मी रुसवे काढत बसले. माणसाच्या अंगाकडे बघून त्याचा एक खांदा खाली आहे हे सांगणारी मी, मला माझी बहीण दिसली नाही.

आणि ती पट्टी तुला मीच सांगितली. हसत हसत सांगितली.

ताई, हात थरथरतो ना? कधीपासून? डॉक्टरांना दाखवलंस का? मला एवढंच कळव. नाहीतर पुढच्या महिन्यात दारात येऊन उभी राहते.

बबडी

६ ऑगस्ट

बबडे,

हे टाकाने लिहितेय. सावकाश वाच. मीही सावकाश लिहितेय. मध्ये मध्ये थांबते, म्हणून शाईचे डाग आहेत.

हो. उजवा हात. तुझा टॅब येण्याच्या आधीपासून. ब्लेडने शाई खरवडताना एकदा कागद सोडून बोट खरवडलं, तेव्हा कळलं. काच सरकते म्हणून लिहिलं होतं तुला. काच नव्हती सरकत.

ठमीची ती पट्टी पहिल्यांदा सरकवली तेव्हा मी रडले. समोर माझी जुनी रेघ आली. खाली हात असा हलतोय आणि वर रेघ शांत. किती दिवसांनी मी स्वतःला ओळखलं. मग ती कमी करायचं धाडस झालं नाही. मिशीचे वाक मला दिसत होते, बबडे. मी काढतही होते. पेन उचललं की ते सरळ होऊन जायचे. मी स्वतःला म्हणायचे, एवढे बारीक आहेत, कोण बघणार. भुंगेसरांचा सगळा जन्म त्या वाकांत गेलाय हे माहीत असून म्हणायचे.

बाबांना खिसा होता, मला टॅब मिळाला.

डॉक्टरांकडे गेले. तुझं पत्र आलं म्हणून गेले. कंपवातच आहे. म्हणाले, आधी आला असतात तर बरा झाला नसता, पण गोळ्यांनी हे वर्ष सुखाचं गेलं असतं. मी त्यांना सांगितलं नाही की माझं वर्ष सुखाचं गेलं.

सरांकडेही जाऊन आले. पट्टी शून्यावर आणली आणि त्यांच्यासमोर एक मिशी काढली. ती त्यांनी बघितली. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः चहा करायला गेले. पुस्तक फोटोंचंच निघणार आहे.

तुला का सांगितलं नाही ते ऐक. तू पोटासाठी सुई धरतेस. तुला कळलं असतं की बाबांचं मला आलंय, तर त्या दिवसापासून तू तुझ्या हातांकडे बघत बसली असतीस. डॉक्टर म्हणतात, बहुतेक वेळा हे असं घरात उतरत नाही. मी लिहिलंय तसंच म्हणाले, बहुतेक वेळा. म्हणून नाही सांगितलं.

हात दमला.

ताई

१४ ऑगस्ट

ताई,

पत्र दुकानात वाचलं. मागून बोट फिरवून बघितलं, सगळीकडे खड्डे आहेत. इतक्या दिवसांनी तुझं पत्र आलं असं वाटलं.

शनिवारी येतेय आणि परत कधी जायचं ते ठरवलेलं नाही. मालकीणबाईंना तसं सांगितलंय. टॅब कपाटात ठेवू नकोस. ठमी म्हणते, त्यात तू तोंडाने बोललीस की तो लिहून घेतो, वाचूनही दाखवतो. गोळ्यांची वेळ सांगतो. त्याच्यावर माझा राग आहे, पण जे काम तो करू शकतो ते त्याला करू दे. तुझ्या कुडत्यांची बटणं काढून मी दाबली की चिकटणारी पट्टी लावणार आहे, तेवढं सामान घेऊन येते. बाबांची बटणं आई लावायची आणि ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. तुझ्या बाबतीत मला ते बघायचं नाही.

मी आल्यावर चहाचा कप पूर्ण भर. सांडला तर मी पुसेन, त्यात काय आहे.

एक मात्र कबूल कर. आता एकमेकींना काही लपवायचं नाही. तू मला सांभाळायला गेलीस आणि मी तुला सांभाळायची राहिले. यापुढे जे असेल ते असेल तसं सांगायचं, तूही आणि मीही.

बबडी

ता. क. तू विचारणार नाहीस म्हणून आपणच सांगते. पत्र वाचून झाल्यावर सुईत दोरा ओवून बघितला. ओवला गेला. तिसऱ्या खेपेला. आज दुकानात उजेड जरा कमी होता.